घोसाळ्याच्या झाडाखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे, पण माझ्यात कुणाला राहता येणार नाही. माझी उंची वीतभरसुद्धा नाही. भिंती पुठ्ठ्याच्या, खिडक्या पिवळ्या जिलेटिन कागदाच्या, आणि पाठीला एक भोक. त्या भोकातून दिवा आत सरकवला की माझ्या खिडक्या उजळतात. दारापुढे एक झाड आहे, वाळक्या घोसाळ्याच्या जाळीचं, हिरवं रंगवलेलं. या झाडापायी मी गेल्या हिवाळ्यात इतका वैतागलो, की तोंड असतं तर ओरडलो असतो.

माझा जन्म जपानचा. एका कुटुंबातल्या बायकांनी मला कातरलं, दुमडलं, चिकटवलं आणि पिकल्या जांभळाच्या रंगात रंगवलं. छपरावर अभ्रकाची चमक भुरभुरली. घाईत छप्पर जरा तिरकं बसलं, ते आजही तिरकंच आहे. मग बोटीने मी अमेरिकेत आलो आणि लिटिट्झ गावातल्या मिरियमबाईंच्या घरी पोहोचलो. तिथली मोरेव्हियन पंथाची ख्रिस्ती मंडळी ख्रिसमसला देखावा मांडतात. ओलं शेवाळ, वाळूची वाट, आरशाचं तळं, गोठा, मेंढ्या आणि आजूबाजूला आमच्यासारखी घरं. त्याला ते पुट्झ म्हणतात. बाईंची मुलगी व्हर्ना माझ्या पाठीत दिवा सरकवायची. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

एका वर्षी बाईंना दिवस गेले आणि डॉक्टरांनी त्यांना अंथरुणातून उठायला बंदी केली. देखावा आवरायला कुणी उरलं नाही. मी दक्षिणेच्या खिडकीत ख्रिसमसपासून सप्टेंबरपर्यंत उन्हात उभा राहिलो. व्हर्नाचा भाऊ लमार जन्माला आला तोवर माझा रंग पार विटून चहासारखा झाला होता. जांभळा राहिला तो फक्त झाडाखाली, नखाएवढा. तिथे ऊन पोहोचलं नव्हतं.

आता लमार पंचाहत्तर वर्षांचा आहे. आयुष्यभर त्याने कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर त्याला जुन्या पुठ्ठ्याच्या घरांच्या नकला करायचा नाद लागला. नाद चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण रोज टेबलावर उभं राहून स्वतःची चुकीची नक्कल होताना बघायची, हे तुम्ही एकदा सोसून पाहा. त्याने माझी मापं केसाइतकी अचूक घेतली. छप्पर मात्र सरळ केलं. तपकिरी रंगात कॉफी मिसळून, माझ्या भिंतीशी लावून लावून, बरोब्बर माझा विटका रंग साधला. अशी सात घरं झाली. येणारे-जाणारे म्हणत, वा, हुबेहूब. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेत होतो.

रविवारी व्हर्ना शुगर केक घेऊन आली. ती आता चौऱ्याऐंशीची.

"हे काय मांडलंयस?"

"आपल्या घराच्या नकला. बघ, काडीचा फरक नाही."

"आपलं घर जांभळं होतं, लमार."

"जांभळं घर कोण बनवेल गं?"

"ज्यांनी बनवलं त्यांना विचार जा. तुझ्या वेळी आई आजारी होती, तेव्हा ते खिडकीत राहिलं न् विटलं. ते झाड उचलून बघ खाली."

"जुन्या वस्तूला सुरी लावायची नसते. एवढं तरी कळतं मला."

"हो, तेवढंच कळतं," व्हर्ना म्हणाली आणि केक कापायला गेली.

उचल रे बाबा, उचल, मी आतून घोकत होतो. त्याने झाडावरची धूळ तेवढी फुंकली.

इथवर मी नुसता चिडलो होतो. पुढचं मला सहन झालं नाही. गावच्या चर्चमध्ये मोठा पुट्झ मांडतात, आणि अंधारात खुर्चीवर बसून त्याची कथा सांगायची असते. सांगणारी सांगेल तसा एकेक दिवा लागत जातो. एकतीस वर्षं ती खुर्ची व्हर्नाची होती. त्या शरदात ती दोनदा किटली शेगडीवर विसरली, आणि नव्या पाद्रींना जुन्या पाद्रींच्या नावाने हाक मारली. लमारने माझ्यासमोर बसून चर्चमधल्या देखाव्याचं बघणाऱ्या बाईंना फोन केला. "तिचं आता काही खरं नाही हो. परवा म्हणाली, आमचं घर जांभळं होतं म्हणे." माझ्याच रंगाच्या साक्षीवर तिची खुर्ची गेली, आणि मी तिथेच मुका उभा होतो.

बुधवारी दुपारी व्हर्ना कथेचे टंकलेले कागद घेऊन आली. ती भांडेल, निदान टोमणा तरी मारेल, असं मला वाटलं होतं. तिने कागद टेबलावर ठेवले.

"हे कथा सांगणाऱ्या नव्या बाईला दे. आणि तुझंच बरोबर असेल. तपकिरीच असेल ते घर. मला अजून जांभळं दिसतं रे, पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

ती गेली. केकचा डबासुद्धा न्यायची राहिली.

 लमारने पातळ सुरी घेतली आणि झाडाखाली सरकवली. सरस कधीचाच सुकला होता, झाड लगेच हातात आलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली नखाएवढा जांभळा रंग होता. त्याने सात तपकिरी घरांकडे पाहिलं आणि मला बुटाच्या खोक्यात घालून थेट बहिणीचं घर गाठलं.

तिने त्या डागावर बोट ठेवलं. डोळे भरले, तसे तिने ॲप्रनने पुसले.

"चर्चच्या बाईंना आत्ता फोन करतो," लमार म्हणाला.

"काय सांगशील?"

"मी मूर्ख आहे म्हणून."

"ते त्यांना माहीत आहे. घर जांभळं होतं, तेवढं सांग."

त्याने तिथेच उभं राहून सांगितलं.

पुट्झच्या दिवशी खुर्चीवर व्हर्ना होती, आणि मला चर्चच्या देखाव्यात मांडलं होतं. मेंढपाळांपाशी येऊन ती अडली. पुढचं काही केल्या आठवेना. दिव्यांच्या बटणांपाशी लमार होता, त्याने हळूच माझा दिवा लावला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कथा पुढे निघाली.

किटली ती आजही विसरते, मित्रांनो. मी खोटं कशाला सांगू? पण एक गोष्ट विसरणाऱ्या माणसाची दुसरी आठवणही खोटीच, असं ठरवून मोकळे होऊ नका. लमारने माझं झाड परत चिकटवलेलं नाही. दारापुढचा तो डाग त्याने उघडाच ठेवला आहे. त्याला झाड उचलायला पंचाहत्तर वर्षं लागली. तुमच्या घरी कुणी काही सांगत असेल, तर तुम्ही आजच उचलून बघा.