सत्तावीस नंबर

मी कुणाच्या कपभर चहाचीही मिंधी नाही, हे छत्तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आली. फॅक्टरीतल्या लोकांनी बंगले बांधले, मी मदन महल मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांतच राहिली. कुणी मिठाईचा डबा पुढे केला की अशी झाडायची, की पुन्हा माझ्या टेबलाकडे फिरकायचा नाही. विभावरी मॅडम म्हणजे मिरची, असं म्हणायचे. म्हणोत बाप्पा!

माझ्याकडे फ्यूज तपासायचं काम. तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज बसवतात, गोळा कधी फुटायचा ते त्याच्यावर असते. आतली स्प्रिंग मऊ निघाली तर गोळा नळीतच फुटतो. हे फ्यूज बाहेरचा एक सप्लायर पुरवायचा. प्रत्येक लॉटमधून तीस नग मी स्वतः काढायचे, उघडायचे, स्प्रिंगवर वजन ठेवून पाहायचं आणि सगळं ठीक असलं तर पेट्यांच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारायचा. सत्तावीस नंबरचा. या फ्यूजची तपासणी माझ्या एकटीकडे, आणि तो नंबरही माझ्या एकटीचा.

त्या रविवारी माझा भाचा गौरांग सुट्टीवर आला होता. माझ्यासोबतच राहणाऱ्या बहिणीचा, सुखदाचा, एकुलता एक. तोफखान्यात नायक आहे. मला पोरबाळ नाही, म्हणून तो अर्धा माझाच. सुखदानं त्याच्या आवडीची पाटोडीची भाजी केली होती, अन् हा पठ्ठ्या नुसता रस्सा चिवडत बसलेला.

"काय रे, तिकडे तोफा तुम्ही ओढता की तोफा तुम्हाला ओढतात? किती वाळला!" मी म्हटलं.

तो हसला नाही. सुखदा दही आणायला दुकानात गेली, तशी हळूच म्हणाला, "मावशी, आम्ही दोरी लांब केली."

"कशाची दोरी?"

"तोफेची. ती ओढली की गोळा सुटतो. हातभर असते, तोफेजवळ उभं राहूनच ओढायची. मागच्या महिन्यात शेजारच्या तोफेची नळी फुटली. नथ्थू होता तिथे, माझ्याच बॅचचा. उचलायला काही राहिलंच नाही. तेव्हापासून आम्ही गोळा भरतो, पळत खड्ड्यात जातो, तिथून चाळीस हातांची दोरी ओढतो, मग परत तोफेकडे. मिनिटाला तीन गोळे टाकायचो, आता तीन मिनिटांना एक. समोरचा मोजून राहिला ना, मावशी. त्याला समजलं की हे लोक आपल्याच तोफेला भिऊन राहिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण मेला हरामखोर, जवानांच्या जिवावर खाऊन राहिला, त्याला भर चौकात उभं करा... अशी पाच मिनिटं मी बोलत सुटली. गौरांगनं मला बोलू दिलं. मग खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. फुटलेल्या तोफेजवळच्या पेटीची चिठ्ठी होती. खाली शिक्का, सत्तावीस.

"कोणालेच दाखवला नाही मी," तो म्हणाला. "आईलेही नाही. चार दिवसांनी परत जायचं आहे. याच लॉटच्या साठ पेट्या आहेत आमच्याकडे."

"मी एक पैसा घेतला नाही रे, गौरांग!"

"मले माहीत आहे. म्हणूनच तर विचारून राहिलो. काहून झालं मग?"

काहून झालं ते मला लगेच समजलं. तीन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. नियम असा, की पेट्यांची थप्पी मोडायची, अगदी तळातली पेटी ओढून तिच्यातले नग काढायचे. सप्लायरचा माणूस धनेश, चांगला पन्नाशीचा, मोठा अदबीचा. "दीदी, आप काहे को झुकोगी? हम निकाल देते हैं ना," म्हणाला. तेव्हापासून तीस नग पुसूनबिसून, ट्रेमध्ये मांडून माझ्या टेबलावर यायला लागले. खुर्चीवर त्यानं एक उशीही आणून ठेवली. मला वाटलं, बिचाऱ्याला माणुसकी आहे. तीन वर्षं तीसच्या तीस नग चांगले निघाले आणि डाळीतला खडा शोधणाऱ्या या बाईला एकदाही शंका आली नाही! वरच्या साहेबांना काय काय मिळालं असेल देव जाणे. मी मात्र फुकटात गेली.

मी गौरांगला सगळं सांगितलं. लाजेनं मान वर होत नव्हती.

"लिहून दे, मावशी."

"लिहिलं तर पेन्शन गेलं. जेलही होईल."

"हो," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

सोमवारी धनेश ट्रे घेऊन आला. मी ट्रे बाजूला सारला, गोदामात गेली, थप्पी उतरवायला लावली आणि गुडघे टेकून तळातल्या पेटीत हात घातला. तो "दीदी, दीदी" करत मागे फिरत होता. तीसपैकी अकरा स्प्रिंगा वजनाखाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी कागद घेतला आणि लिहिलं, की हा लॉट नापास, आणि मागच्या तीन वर्षांतल्या एकाही लॉटचे नमुने मी स्वतः काढलेले नाहीत, सगळे थांबवा.

सेक्शनचे सुशांत साहेब दार लावून म्हणाले, "मॅडम, आजचा लॉट परत करा, चलो, ठीक आहे. पण जुनं कशाला उकरता? सहा महिन्यांत रिटायर होऊन राहिल्या तुम्ही."

"त्या तोफेमागे माझं पोरगं उभं आहे," मी ओरडली. "तुमचं असतं तर असेच बोलले असते का?"

त्यांनी माझा कागद ड्रॉवरमध्ये टाकून दिला. मी कागदाची एक प्रत स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टरनं दिल्लीला संरक्षण मंत्रालयात पाठवली. दुसऱ्या दिवशी मला सस्पेंड केलं. गौरांग ठरल्या दिवशी गेला. त्याला गाडीत बसवून आल्यावर मी सुखदाला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पंधरवड्यानं, दुपारी, गौरांगचा फोन आला.

"मावशी, ऑर्डर आली. सत्तावीस नंबरच्या सगळ्या पेट्या उचलून नेल्या."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "बरं झालं रे बाबा! सुटले तुम्ही!"

"तीन वर्षांत दुसरे फ्यूज आलेच नव्हते, मावशी. सगळ्या तोफांकडे तेच होते. आता गोळ्यांचे ढीग लागले आहेत अन् फ्यूज एकही नाही. नवे यायला महिना लागते म्हणतात."

"मग?"

"परवा वरच्या चौकीवर हल्ला झाला. बावीस जण होते तिथे. वायरलेसवर आमच्याकडे फायर मागून राहिले होते, गोळे टाका म्हणून. दोन तास मागितलं. मी तोफेजवळच उभा होतो."

"मग काय झालं, गौरांग?"

"मग मागणं बंद झालं."

फोन कटला. सुखदा ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून धावत आली.

"गौरांग होता ना? बरा आहे ना माझा पोरगा?"

"बरा आहे," मी म्हटलं.

तिनं देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्याही हातावर दिली.