घराची खोड

हौशीरामाला पेठ गावात घर बांधून बावीस वर्षं झाली होती आणि ते विकायला काढून दोन महिने. बावीस वर्षांत त्याचं डोकं फिरलं नव्हतं तेवढं या दोन महिन्यांत फिरलं.

तो मूळचा भीमाशंकराकडच्या डोंगरातला. नाशकाच्या सडकेवर बैलगाड्या फार, म्हणून बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा धंदा करायला खाली उतरला आणि इथलाच झाला. आता वर डोंगरात त्याची बहीण ठमाबाई विधवा झाली होती. तिची भाताची तीन खाचरं कसायला माणूस नव्हता आणि तिचा दीर रोज बांधावर येऊन उभा राहत होता. "भाताच्या रोपांसाठी राब मी एकटीनं भाजला. पण रोपं लावायच्या आवणीला आपलं औत न्हाई आलं तर दीर त्याचं घालंल. एकदा घातलं की त्याला कोण काढणार, दादा?" असा निरोप तिनं दोनदा धाडला होता.

हौशीरामाला जायचंच होतं. पण बैल नेल्याशिवाय जाऊन करायचं काय, आणि घर विकल्याशिवाय बैल यायचे कुठून? मृग वीस दिवसांवर येऊन ठेपला होता.

घर विकायला मधला माणूस लागतो. मालकच दारोदार सांगत हिंडला की गाव म्हणतं, गडी अडला, आता पाडून मागा. म्हणून हौशीरामानं सावळेरामाला धरलं. सावळेराम त्याच्या बायकोच्या नात्यातला. पंचक्रोशीतल्या सोयरिकी तोच जुळवायचा. पन्नास पोरी उजवल्या, त्याला एक घर उजवणं काय जड, असं हौशीरामाला वाटलं. तीच त्याची चूक.

सावळेरामानं घराचं स्थळच मांडलं. गिऱ्हाईक यायचं ते पाचसहा जणांनी. ओसरीवर घोंगडी अंथरायची, पाय धुवायला पाणी द्यायचं, मग भाकरी-पिठलं. सगळं हौशीरामाच्या चुलीवर. आणि सावळेराम आपला खांबावर हात फिरवत, "घर लई गुणाचं हाय बघा. सावलीत वाढल्यालं. कदी वर तोंड करून बोललं न्हाई."

पाहुणे माना डोलवायचे, पोटभर जेवायचे, "कळवतो" म्हणायचे आणि वाटेत पाणी प्यायला विहिरीवर थांबायचे. तिथं कुणीतरी बाई हळूच सांगायची: तीन सालांमागं प्लेगात, गाठीच्या तापात, त्या घरात आधी उंदीर मरून पडला आणि चौथ्या दिवशी हौशीरामाची बायको सखूबाई गेली. मग पाहुण्यांचा निरोप काही येत नसे.

अशी अकरा गिऱ्हाइकं जेवून गेली.

"आरं, तू आदीच का सांगत न्हाईस त्यांना?" हौशीराम शेवटी ओरडला.

"वा रं शाण्या! पोरगी दावताना तिच्या तोंडावरचे देवीचे वण कुणी मोजून दावतं का?"

"मग विहिरीवर कळतंच की!"

"त्याला मी काय करू? तुज्या गावाच्या बाया वाईट."

"माजी भाकरी लई चांगली ना पण? उद्यापासनं घरी जेव."

सावळेराम रुसून गेला आणि जाताना पान्हा संपलेल्या म्हशीकडे बघावं तसं घराकडे बघून गेला.

दुसऱ्या दिवशी हौशीराम मंचरच्या बाजारात गेला आणि भगवंताला घेऊन आला. भगवंत बैलांचा दलाल. खांद्यावर उपरणं, तोंडात तंबाखू, आवाज चार गावं ऐकतील असा. दोघांची वीस वर्षांची ओळख. भगवंतानं घराला एक प्रदक्षिणा घातली, भिंतीवर थापट्या मारल्या, चौकटीत वाकून आत बघितलं, जणू बैलाचे दातच मोजतोय. मग उंबऱ्यावर बसला.

"हं. खोडी सांग."

"घराला खोडी? घर काय बैल हाय व्हय रं?"

"आपल्याकडं रीत काय हाय? बसका हाय, मारका हाय, जे असंल ते आदी बोलायचं, मग रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव. न सांगता दिला तर तीन दिवसांत बैल दारात परत. सांगितल्याली खोड परत येत न्हाई."

हौशीराम नुसता धुसफुसला.

चौथ्या दिवशी भगवंत जुन्नरच्या उत्तमचंद शेठला घेऊन आला. बरोबर त्याची आई प्यारीबाई. त्यांना सडकेला लागून किराण्याचं दुकान टाकायचं होतं. हौशीरामानं पाण्याचा तांब्या पुढे केलाही नव्हता, तोवर भगवंतानं तोंड उघडलं.

"ऐका शेठ. मागल्या भिंतीला वाळवी हाय. दक्षिणेच्या पाख्याला दोन जागी गळतं. आन् तीन सालांमागं हितं उंदीर पडला. याची कारभारीण ह्याच खोलीत गेली."

हौशीरामानं तांब्या उंबऱ्यावर आदळला. "तुजी जीभ झडली न्हाई, भगवंता! दलाल हाईस का वैरी? त्या सावळ्यानं निदान विहिरीपतोर तरी जाऊ दिलं आसतं!"

"मी खोड सांगितली."

"सखू खोड व्हती व्हय रं माजी?"

भगवंतानं तंबाखू थुंकली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "न्हाई दादा. चुकलो."

प्यारीबाई तोवर खोलीत शिरली होती. कोपऱ्यातल्या शिंक्याकडे बघत तिथूनच म्हणाली, "या सडकेवर आम्ही सात घरं बघितली. सातही घरांत म्हणे एक उंदीर मेला नाही. आणि त्या साली सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं ते काय हुरडा खायला? माझी सून त्याच तापात गेली. हे एकच घर खरं बोललं." मग पोराकडे वळली. "हात घाल, उत्तम. पण गळतीचं आणि वाळवीचं कमी करून."

"आई, पत्रिका-मुहूर्त काही..."

"घाल म्हणते ना!"

भगवंतानं उपरण्याखाली आधी उत्तमचंदाचा हात धरला, मग हौशीरामाचा. बोटं दाबली. हौशीरामानं हात हिसकला, शिव्या दिल्या, परत हात घातला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं हात काढला नाही. सावळेरामाकडे तोंडानं सांगितलेल्या किमतीपेक्षा कमीच आले, पण बैलजोडीपुरते आले आणि मृगाच्या आत आले.

कागद झाला त्या दिवशी हौशीरामानं भांडी गाडीत भरली. प्यारीबाई दारात उभी होती.

"तुमच्यात बैल विकला तरी दावं मालक ठेवतो ना?" ती म्हणाली. "मग तुमचं दावं घेऊन जा."

हौशीराम आत गेला. सखूबाईनं अंबाडीच्या दोरीचं विणलेलं शिंकं आढ्याला लटकत होतं. त्यानं ते सोडवलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि कोणाकडे न बघता बाहेर पडला.

सडकेच्या कडेला भगवंत दोन बैल धरून उभा होता. काळा आणि पांढरा.

"ही घे जोडी, दादा. डोंगरातल्या चिखलाला अशी जोडी..."

"खोडी सांग."

"आता तुज्यापासनं काय लपवायचं..."

"सांग म्हंतो ना!"

"काळा जरा बसतो. पांढरा तापट हाय. अन् दोघांचं एकमेकांशी पटत न्हाई."

हौशीरामानं कपाळावर हात मारून घेतला. मग खाली वाकला आणि काळ्याचा पुढचा पाय उचलून खूर बघू लागला.