चूलबंद आवतण

"मोठी माय, हाऊ प्रोग्राम चालत नही. अकरा वाजता सरसले दाखाडनं शे," रुचिका रडकुंडीला आली होती.

नातीचा हा लॅपटॉपावरचा प्रोग्राम आज लोणखेड्याच्या कॉलेजात चालला नाही, तर वर्ष जाणार. वर्ष गेलं तर शिक्षण बंद, असं तिच्या बापाने माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं.

माझा नातू भाग्येश पुण्याचा इंजिनियर. खाटेवर लोळला होता. सकाळपासून दोनदा त्याने लॅपटॉपात डोकावलं, दोनदा "ॲट्रिब्यूट एरर" म्हणाला आणि चहा मागितला. रोगाचं नाव सांगून वैद्य उठून जातो, तसली ही विद्या.

"कसाना शे हाऊ प्रोग्राम?" मी विचारलं.

"लगीनना आवतणनी यादीना. 'घर' नावना क्लास, म्हंजे साचा, बनाडा. घरना मालक, माणसं, अन् आवतण चूलबंद का एकमाणशी."

चूलबंद म्हणजे अख्खं घर जेवायला, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. एकमाणशी म्हणजे एकाने यायचं. यात चुकलं की दहा वर्षं बोलचाल बंद. हे कळायला मला चौथीच्या पुढे जावं लागलं नाही.

"मंग यादीमां काय टाकं तू? वाच."

"रतिलाल, नवलसिंग, भीमसिंग..."

"हाई निस्ती नावं. घर कोठे शे यान्हामां? नावले इचार, तुन्हं आवतण चूलबंद का? काय सांगी ते?"

भाग्येश हसला. "मोठी माय, पायथनमध्ये असं नसतं."

"मंग कसं ऱ्हास? सांग."

त्याने रिकामा कप पुन्हा पुढे केला.

रुचिकाने मात्र ओळी पुन्हा वाचायला घेतल्या. यादीत घर टाकायच्या ऐवजी तिने नुसता 'घर टिंब मालक' टाकला होता. दारावरची पाटी आत नेली, घर बाहेरच. तिने टिंब आणि मालक पुसला, अख्खं घर यादीत घातलं. लगेच ओळी सरसर उतरल्या. पहिलीच आमची:

मालक रतिलाल. माणसं एक. चूलबंद.

माझ्या नवऱ्याला, रतिलालला, जाऊन नऊ वर्षं झाली. रुचिका ओशाळली. "बदलू का, मोठी माय?"

"ऱ्हाऊ दे. घर त्यानंच शे."

मग भाग्येशकडे वळले. "ऊठ. पोरले गाडीवर कॉलेजात सोड. तेवढं तरी येस ना तुले?"

दोघं गेली, जेवायला परतणार नव्हती. मी चूल पेटवली आणि एकीपुरतं पीठ मळलं.