अर्ध्या गोळीचं पाप

थोरल्यानं भरलेला डोळा लागत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं इतकंच, कारण रोपवाटिकेतली सावली आणि घरातला चहा, दोन्ही फुकट मिळायचे.

डोळा भरणं म्हणजे तसं चिमूटभर काम. जंगली लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, गोड संत्र्याच्या काडीवरून नखाएवढा कोंब सालीसकट उचलायचा, त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. काही आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा निघाला तर लागला, काळा निघाला तर मेला. धाकटा डोळा उचलायचा तो झोपलेल्या पोराच्या डोक्याखालचा हात काढून घ्यावा तसा. थोरला उचलायचा तो भिंतीतला खिळा उपटल्यासारखा.

पण धाकटा गेल्या हंगामापासून पडवीतल्या बाकावर बसून होता. डोळे उघडे, पण समोरच्या भिंतीपलीकडे त्यांची नजर जात नव्हती. म्हणून या हंगामात चाकू थोरल्याच्या हातात आला होता, आणि रोपं बिचारी काही बोलू शकत नव्हती.

"बसलाच आहे का अजून?" शेजारच्या गोठेवाल्यानं कुंपणावरून विचारलं. याला गाव रेडिओ म्हणत असे. बातमी गावात शिरायच्या आधी त्याच्या गोठ्यातून जायची, आणि बाहेर पडताना तिला दोन शिंगं जास्त असायची.

"बसलाय."

"दुसऱ्या गोळीनंसुद्धा फरक नाही?"

"नाही."

"गोळ्याच खोट्या असतील. नाहीतर माणूस."

थोरल्यानं चाकू जरा जास्तच दाबला आणि आणखी एक डोळा कामातून गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. गोळ्या खोट्या नव्हत्या. माणूस कोण खोटा, ते थोरल्याला पक्कं माहीत होतं.

गेल्या हंगामात धाकट्याला पहिली गोळी सुरू झाली, ती नेमकी डोळे भरायच्या दिवसांत. गोळीनं त्याला गुंगी यायची. चाकू हातात धरून तो रोपांच्या वाफ्यात डुलायचा. तिकडे बागवाले रोपांसाठी दारात उभे, आणि डोळा भरणारे हात घरात त्याचेच. थोरल्यानं डोकं चालवलं. त्याचं डोकं क्वचित चालायचं, पण चाललं की थांबायचं नाही. सकाळची गोळी द्यायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं ती विळीवर धरून मधोमध कापायला सुरुवात केली. अर्धी धाकट्याच्या वाटीत, अर्धी चुलीत. एवढा हंगाम निघाला की पुरी देऊ, असं तो स्वतःला सांगत राहिला. हंगाम निघाला. धाकटा मात्र बाकावर बसला तो बसलाच. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा थोरल्यानं घाबरून विळी बाजूला ठेवली आणि नवी गोळी रोज अख्खी दिली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, असं त्याचं मन त्याला खात होतं. घरातली माणसं जेवायची, आणि थोरल्याचं मन थोरल्याला जेवायचं.

त्या आठवड्यात सगळे शहरातल्या दवाखान्यात गेले. धाकटा, त्याची बायको धाकटी, आई आणि थोरला. थोरल्याला स्वतःची बायको नव्हती. लग्नाला उशीर होतोय, उशीर होतोय म्हणता म्हणता उशीरच त्याच्या घरात नांदायला आला होता.

डॉक्टरीणबाई वयानं धाकटीपेक्षा लहान होत्या, पण खुर्चीत बसल्या की आईपेक्षा मोठ्या वाटायच्या. त्यांनी धाकट्याला हळूहळू बरंच विचारलं. धाकट्याचं उत्तर विहिरीतून पोहरा ओढावा तसं यायचं, आणि वर येईतो निम्मं सांडलेलं असायचं.

मग त्या घरच्यांकडे वळल्या. "दोन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. दोन्ही पुऱ्या डोसात, पुरेसे दिवस. तरी आजार हलला नाही. काही जणांचं असं होतं, यात त्यांचा दोष नाही. आता पुढचे रस्ते बघायचे. आहे त्या गोळीला दुसऱ्या औषधाची जोड देता येते. बोलून करायचे उपचार सोबत ठेवायचेच. मोठ्या शहरात चुंबकाचा उपचारही करतात, पण त्याला आठवडेच्या आठवडे रोज जावं लागतं. यांचं खाणं सुटलंय, वजन उतरलंय. आणि ताई सांगतात, परवा म्हणाले, मी नसलो तर तुमचं बरं चालेल. अशा वेळी फार थांबू नये. मी विजेचा उपचार सुचवेन."

"म्हणजे करंट?" आई म्हणाली.

"भूल देऊन, आई. त्यांना दुखणार नाही, कळणारही नाही. तुम्ही ऐकलं असेल ते जुन्या काळचं. मात्र आठवणीवर थोडा परिणाम होतो. उपचाराच्या आगेमागचे दिवस पुसट होतात. पुष्कळसं परत येतं, काही येत नाही."

थोरल्याच्या कानात यातलं काहीच शिरलं नाही. तो 'पुऱ्या डोसात'पाशीच अडकून बसला होता. पुरा डोस कुठला, तो चुलीत गेला. आणि आता त्या चुलीत गेलेल्या अर्ध्या गोळ्यांपायी भावाच्या डोक्याला वीज लावणार. सांगावं असं त्याच्या जिभेवर आलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"विचार करून कळवतो," तो म्हणाला.

"लवकर कळवा," बाई म्हणाल्या.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. रेडिओ पडवीत येऊन बसला होता, धाकट्याच्याच बाकावर.

"करंट देऊ नका," तो म्हणाला. "माझ्या साडूच्या चुलत्याला दिला होता. तेव्हापासून घरात दिवा लागला की दचकतो."

"त्याची बायको दिवा लावून कामं सांगते, म्हणून दचकत असेल," धाकटी म्हणाली. "उठा भावजी, यांना टेकू द्या."

रेडिओ चहा न घेता गेला. असं आजवर घडलं नव्हतं, यावरून घरातली हवा ओळखावी.

थोरला हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. आई भाजी निवडत होती, धाकटी भांडी लावत होती. आता बोलायचं, असं ठरवून त्यानं घसा खाकरला.

"मला एक सांगायचंय," आई म्हणाली.

थोरल्याचा खाकरलेला घसा तसाच राहिला.

"त्याची ती पहिली गोळी होती ना, ती पाण्याबरोबर त्याच्या घशाखाली उतरायची नाही. तोंड वाकडं करायचा. मी म्हटलं, चांगल्या मायेनं देऊ. तू वाटीत ठेवून वाफ्याकडे गेलास की ती कुटून दुधात घालायला लागले. तो अर्धं दूध प्यायचा, अर्धं ठेवायचा. मी कशाला वाया घालवू? मांजरीला घातलं." आईनं भाजीची जुडी परातीत टाकली. "आपल्या घरात गुण आला तो मांजरीला. पूर्वी किती फिस्कारायची. आता उंदीर अंगावरून गेला तरी बघत राहते."

थोरल्यानं मनात हिशोब केला. अर्ध्याची अर्धी. म्हणजे धाकट्याच्या पोटात गोळी गेलीच नव्हती, गेला होता तिचा वास.

"आई, तुमचं काही नाही," धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "माझ्यामुळं झालं. सुरुवातीला ते उठायचे नाहीत, तर मी म्हटलं, धडधाकट माणूस बसून खातो, लाज वाटत नाही का? पोरांसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून ते जेवायचे कमी झाले. बसून खातो म्हटलं ना मी. त्यांनी खाणंच सोडलं."

"तू चिडून बोललीस गं. मी तर औषध मांजरीला घातलं."

"तुम्ही मायेनं घातलंत."

"म्हणजे माझं पाप कमी झालं का?"

शेताच्या वाटणीत बांधावरून भांडणारी माणसं थोरल्यानं पुष्कळ बघितली होती. पण जो तो म्हणतोय, दोष जास्त माझ्याकडे लावा, अशी वाटणी तो पहिल्यांदा बघत होता. आणि या वाटणीत थोरला हिस्सा थोरल्याचाच होता.

"तुम्ही दोघी गप्प बसा," तो म्हणाला. "दुधात पडायच्या आधीच ती गोळी मी कापत होतो. हंगाम होता. तो डुलायचा. मला त्याचे हात पाहिजे होते."

धाकटीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, हळू, आवाज न करता. आपटलं असतं तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

"उद्या दवाखान्यात जाऊ," एवढंच ती म्हणाली. "हे सगळं त्या बाईंना सांगायचं. यांच्यासमोर."

डॉक्टरीणबाईंनी तिघांचं ऐकून घेतलं. मांजरीचं ऐकताना त्यांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं, पण चेहरा सरळ ठेवला.

"हे आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "पहिली गोळी धरायची नाही मग. ती त्यांना मिळालीच नाही. दुसरी?"

"अख्खी दिली," थोरला म्हणाला. "एकदासुद्धा चुकलो नाही."

"माझ्या डोळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली," धाकटीनं साक्ष दिली.

"ती लागू पडली नाही, हे खरंच. म्हणजे आजार चिवट आहे, तो तुमच्या विळीनं झालेला नाही. पण तुमच्या विळीनं वेळ गेला, तेही खरं. आता दोन गोष्टी करता येतील. पहिलीच गोळी नीट देऊन बघायची, तिला दीडेक महिना लागेल. नाहीतर विजेचा उपचार आत्ताच सुरू करायचा."

"गोळीच देऊ," थोरला घाईनं म्हणाला. "मी स्वतः देतो. समोर बसून देतो. दीड महिना काय, निघून जाईल."

त्याला दिसत होतं सगळं. गोळी अख्खी जाईल, धाकटा उठेल, वीज टळेल. झालेलं न झाल्यासारखं होईल.

"यांना विचारू," बाई म्हणाल्या, आणि धाकट्याकडे बघत थांबल्या. त्यांना थांबता येत होतं. बाकीच्यांना येत नव्हतं, पण थांबले.

"दादा," बऱ्याच वेळानं धाकटा म्हणाला. "मला माहीत होतं. वाटीत गोळी अर्धी असायची."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, असू दे. बरं व्हायची कटकट कशाला." तो पुन्हा थांबला. "दीड महिना माझ्यानं निघणार नाही. तुला चूक धुवायची आहे. तेवढ्यासाठी मी नाही बसू शकत."

धाकट्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुझ्यावर राग नाही," असंही तो म्हणाला, पण ते अशा सुरात की रस्त्यातला दगडसुद्धा तेवढ्यावर माफ झाला असता. थोरल्याला माफी मिळाली आणि ती घेऊन कुठं ठेवावी ते कळेना.

उपचार सुरू झाला. आठवड्यातून दोनदा पहाटेचं उठायचं, धाकट्याला उपाशीपोटी न्यायचं, दाराबाहेरच्या बाकावर बसायचं. आत फार वेळ लागत नसे. थोरल्याला मात्र दर खेपेला तेवढ्यात म्हातारपण येऊन जायचं. धाकटा बाहेर यायचा तो डोकं धरून, जरा भांबावलेला. पहिल्या खेपांना काहीच झालं नाही, आणि रेडिओनं कुंपणावरून तसं जाहीरही केलं. मग एका दुपारी धाकट्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. धाकटी मीठ आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. पुढं तो पोरांवर खेकसला. नंतर दाढी केली. एकदा कुंपणाशी जाऊन रेडिओला म्हणाला, "तुझी म्हैस लंगडतेय, बातम्या सोडून तिच्याकडे बघ." सगळं एकदम झालं नाही. मधेच एखादा दिवस तो पुन्हा बाकावर जाऊन बसायचा, आणि घरभर सगळे पाय न वाजवता चालायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी आणि बोलण्याचा उपचार पुढंही चालू ठेवायचा. गोळी आता धाकटी द्यायची. विळीवर आई बसलेली असायची.

असाच एक दिवस धाकटा चालत रोपवाटिकेत आला. थोरला पट्ट्या सोडत होता, आणि पट्टीमागून पट्टी काळे डोळे निघत होते.

"ही कुणी भरली?"

"मी."

"दिसतंय." तो वाफ्याच्या कडेला बसला. "दादा, मधले बरेच दिवस मला आठवत नाहीत. दवाखान्यात तू मला काहीतरी सांगितलंस म्हणे. ही म्हणते, दादांनाच विचारा. काय होतं?"

थोरल्याचे हात थांबले. ज्यानं माफ केलं, तोच माफी विसरला होता. गोळी कापलेली त्याला आठवत नव्हती, कबुली आठवत नव्हती, दीड महिना मागितलेला आठवत नव्हता. झाकली मूठ पुन्हा झाकून हातात आली होती. काही नाही रे, तब्येतीचं बोललो, एवढं म्हटलं की विषय संपला असता. धाकटीनं उघड केलं नव्हतं. आई तर मेली तरी बोलली नसती. आणि भाऊ आत्ता कुठं उठून बसतोय, त्याला कशाला त्रास, असं एक सोज्वळ कारणही तयार होतं. थोरल्यानं त्या कारणाकडे नीट बघितलं. हंगाम निघेपर्यंत अर्धी देऊ, हे कारणही असंच सोज्वळ होतं.

"तुझी पहिली गोळी मी कापत होतो," तो म्हणाला. "अर्धी देत होतो. तू डुलायचास आणि मला रोपं पाहिजे होती. हंगामभर दिली. वर पुन्हा तुझा उपचार दीड महिना पुढं ढकलायला बघितलं, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून."

धाकटा बघत राहिला. ऐकलेलं आत उतरायला अजून त्याला थोडा वेळ लागायचा. मग त्याच्या कानाची पाळी लाल झाली, मग मान, मग तो उठला, आणि त्यानं थोरल्याला एक शिवी दिली. साधी नव्हे. तिला आगा होता, पिछा होता, मधे फाटे होते. "माझं अख्खं वर्ष गेलं," तो ओरडला. "रोपांपायी? या असल्या रोपांपायी? हो बाजूला. एका रोपाला हात लावायचा नाहीस. आणि माझ्याशी बोलायचं नाही."

त्यानं पट्ट्यांचं घमेलं लाथेनं उडवलं आणि तो थोरल्याकडे पाठ करून वाफ्यात बसला.

थोरला बाजूला झाला. छातीवरचं ओझं उतरलं नव्हतं. ते बहुधा उतरायचं नव्हतंच. पण आता ते ओझं कुणाला तरी दिसलं होतं आणि त्यावर कुणीतरी मनापासून ओरडलं होतं. डोळे पुसत तो घराकडे आला. आई दारातच उभी होती.

"काय झालं? आवाज कुणाचा?"

"त्याचा. मला शिवी दिली."

"कशावरून दिली?"

"तुझ्यावरून," थोरला म्हणाला.

आईनं पदर डोळ्यांना लावला. "देऊ दे," ती म्हणाली. "किती दिवसांनी आठवण काढली माझी."