एक पाय अमावस्येचा

किमान वेतन वाढल्याचा कागद आला, त्या दिवशी कमळाकरशेठचं रक्त इतकं आटलं की कॅम्प दोन वस्तीतल्या डासांनी त्याच्या जीन्सच्या कारखान्याचा रस्ताच सोडला. शिलाईवाल्यांना वाढ देणं भागच होतं. मग शेठची नजर कारखानाभर फिरली आणि वेणूवर येऊन थांबली.

वेणूचं अठरा वर्षांचं काम एकच. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवायची.

"चिठ्ठ्या चिकटवायला नव्या रेटनं माणूस? वेणूबाई, उद्यापासून येऊ नका. आभार सरकारचे माना."

दोन ताग्यांचा रंग कधीच सारखा नसतो. कोऱ्या कापडात तो फरक दिसत नाही, धुलाईत उघडा पडतो. एका पँटचे दोन्ही पाय एकाच ताग्यातले लागावेत, म्हणून तर ती चिठ्ठी. हे सांगायला वेणूनं तोंड उघडलं. पण ते 'आभार' कानात वाजत होते. तिनं तोंड मिटलं आणि गुणगुणत जिना उतरली.

बुवापाड्यातल्या आपल्या घरी महिनाभर ती मीठ-भाकर खाऊन दाराशी बसली.

शेजारची श्रद्धा म्हणाली, "मावशी, दुसरं काम बघ ना."

"बघतेय की. शेठची वाट बघतेय."

धुलाईतून चार हजार पँटी परत आल्या. डावा पाय अमावस्येचा, उजवा कोजागिरीचा. माल टेम्पोतून उतरताना नाक्यावरची कुत्रीसुद्धा, कुठल्या पायावर भुंकावं ते न कळून, गप्प बसली. व्यापाऱ्यानं माल आल्या पावली उलटा धाडला.

तिसऱ्या दिवशी शेठ गल्लीत हजर.

"वेणूबाई, झालं गेलं सोडा. या परत. नवा रेट देतो."

"तो तर कायदा देतो, शेठ. तुम्ही काय देता?"

गल्लीतले नळ चालू होते, पण हंडे कुणी उचलेना.

"काय पाहिजे, बोला."

"बसल्या महिन्याचा पगार. आणि त्या दुरंगी पँटींतली एक."

"एक कशाला? दहा न्या."

"मला नको. तुम्ही घालायची. कारखान्यात, रोज, वर्षभर."

"अहो, लोक हसतील."

"हसू देत. मला महिनाभर जमलं नाही."

शेठनं घातली. आता व्यापारी आला की शेठ टेबलामागून हलत नाही, चहासुद्धा बसल्या जागी मागवतो. आणि नेमकी तेव्हाच वेणू कोपऱ्यातून हाक मारते,

"शेठ, जरा इकडे येता? चिठ्ठ्या संपल्या."