दरवाजावरची निशाणवाली

या, बसा. मी एक गेम आहे. दिसायला तळहाताएवढी चकती, मधे भोक, पाठीवर आरशासारखी चकाकी. पण पोटात शत्रूने वेढलेला अख्खा किल्ला बाळगून आहे. ढाल-तलवारीच्या जमान्यातल्या लढाया माझ्यात चालतात. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बघत असाल, तर आधी मालातल्या खोडी सांगतो. दुकानात बरीच वर्षं काढल्यामुळे लागलेली सवय आहे ती.

पहिली खोड, मी संथ आहे. बुद्धिबळासारखं आधी तुम्ही हलायचं, मग शत्रूने. तुम्ही डोकं खाजवत बसलात तर तोही बिचारा भाला धरून ताटकळतो. दुसरी, मी दयामाया दाखवत नाही. घोडा चिखलात घातलात की रुतला. पाऊस लागला की धनुष्याची दोरी ढिली. टेकाडावरचा हडकुळा माणूस खालच्या चिलखतवाल्याला भारी पडतो, त्यामुळे नुसती महागडी माणसं गोळा करून भागत नाही. कोठारातलं धान्य रोज उतरतं, तुम्ही लढा किंवा झोपा. आणि तिसरी खोड सगळ्यात वाईट: मेलेला माणूस परत येत नाही. प्रत्येक चालीनंतर मी सगळं आपोआप जपून ठेवतो, त्यामुळे ‘चुकलं, परत करू’ ही सोय नाही. हे सगळं माझ्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं आहे. अजून कोणी वाचलेलं नाही.

कारखान्यात गरम साच्यातून आम्ही भावंडं धडाधड बाहेर पडलो. कोण कुठे गेलं, देव जाणे. माझ्या वाट्याला आला तो विमा विकणारा एक गृहस्थ. लोकांना जन्मभर धोके समजावून सांगत आलेला माणूस, पण माझ्यातला एक साधा भालाईत मेला की ह्याचा घास घशाखाली उतरेना. लगेच सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. असं किती वेळा झालं! त्याने माझ्यात पुढे येणारा हिवाळा कधी पाहिलाच नाही. शेवटी वैतागून मला जुन्या गेमच्या दुकानात टाकून गेला.

तो दुकानदार म्हणजे माझा गुरू. वायरी, रिमोट, जुनी मशीनं यांच्या ढिगाऱ्यात बसून तो माल विकायचा कमी आणि गप्पा मारायचा जास्त. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं की विचारायचा, “लगेच जिंकायचंय का?”

“मग काय हरायला घेणार?”

“तर तो पलीकडचा घ्या, गाड्यांचा. हा नेलात तर परवा तोंड पाडून परत आणाल. परत आलेला माल म्हणजे माझ्या डोक्याला ताप.”

अशी किती गिऱ्हाइकं त्याने माझ्या डोळ्यांदेखत परतवून लावली. मी मनात म्हणायचो, माझं कधी होणार.

मग एकदा कॉलेजातली एक मुलगी आली. घाईत होती, पाठीवरची पिशवीही उतरवली नाही.

“आईसाठी हवाय. खूप वेळ चालणारा.”

“आईंना हा जमेल? फार हळू आहे हो.”

“हळूच हवाय, काका. डॉक्टरांनी तिला बसवून ठेवायला सांगितलंय. आणि ती बसत नाही.”

दुकानदाराने नेहमीसारख्या माझ्या खोडी सांगायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मला नुसतं फडक्याने पुसून तिच्या हातात दिलं.

तर असा मी त्या घरात आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीशी टीव्ही, त्याच्याखाली मशीन, त्या मशीनच्या पोटात मी. आई गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि समोरून ट्रक आला तरी आवाज न चढवता “डावीकडे घ्या” म्हणायचं, असा तिचा पेशा. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. केसाएवढा फरक पडला तरी काच बाजूला ठेवून नवी घ्यायची, असा त्यांचा स्वभाव. आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. तीन मजले चढताना ती दोनदा थांबायची आणि त्या थांबण्यात शेजाऱ्यांशी गप्पा काढायची, म्हणजे कोणाला कळू नये. ऑपरेशन करायचं ठरलं होतं. थंडीच्या आत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उशीर झाला तर मग करूनही उपयोग होईलच असं नाही, हेही.

माझ्यातल्या माणसांची नावं बदलता येतात. ती सोय मुलीला सापडली आणि तिने पहिल्याच दिवशी घोळ करून ठेवला. माझ्या किल्ल्यात सगळं घर भरलं. बाबा झाले तटबंदीची डागडुजी करणारे सुतार. ती स्वतः घोडेस्वार. मावशी तिरंदाज. आणि आई झाली निशाणवाली. ही निशाणवाली मुख्य दरवाजावर उभी राहते. ती स्वतः फारशी लढत नाही, पण तिचं निशाण जोवर दिसतंय तोवर आजूबाजूच्यांची हिंमत टिकते. दिसेनासं झालं की लोक काढता पाय घ्यायला लागतात. माझ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस ते हेच.

आईने नियम घालून दिला. एका दिवसाचा डाव एकाने खेळायचा, आणि दुसऱ्याच्या डावात तोंड घालायचं नाही. “स्टिअरिंग ज्याच्या हातात, रस्ता त्याचा,” ती म्हणाली. कंट्रोलरला ती अजूनही रिमोटच म्हणते.

मावशीचा रोज आईला फोन. “काय गं, मी आहे ना अजून?”

“आहेस. पण आज एकही बाण लागला नाही तुझा.”

“लागेल कसा? चष्म्याचा नंबर वाढलाय, भाऊजींना सांग. मला जरा उंचावर उभं करा, खाली माझ्या गुडघ्यांना ओल लागते.”

हसायची सगळी. पण मी हसत नव्हतो, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी आईला आणि मुलीला ठाऊक नव्हती.

आई शिकवायला गेली आणि मुलगी कॉलेजला गेली, की बाबा दुकानात जाण्याआधी टीव्हीसमोर येऊन उभे राहायचे आणि दवाखान्यात फोन लावायचे. पहिल्यांदा म्हणाले, “घरी पाहुणे यायचेत हो. जरा पुढची तारीख मिळेल का?” पाहुणे कुठले, कोणी येणार नव्हतं. संध्याकाळी आईला सांगितलं, “डॉक्टर परगावी गेलेत. पुढची तारीख देतो म्हणाले.” ती तारीख जवळ आली, तेव्हा पुन्हा फोन. या वेळी मुलीची परीक्षा. आईला पुन्हा तेच, डॉक्टर नाहीत.

वाईट माणूस असता तर मी मनातून शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण फोन ठेवल्यावर ते चष्मा काढून पुसत राहायचे, काच लख्ख झाली तरी. केसाएवढा फरक ओळखणारी बोटं ती. आणि मला तोंड नाही. माझ्याजवळ शिंगं आहेत, नगारे आहेत, घोड्यांच्या टापा आहेत. ‘बाई, तारीख तुमच्या घरातूनच पुढे सरकतेय’ एवढं सांगणारा आवाज मात्र मला कोणी दिलेला नाही.

माझ्यातही तेच चाललं होतं. बाबांचा डाव आला की ते आईला दरवाजावरून काढायचे, जिना उतरवायचे आणि थेट धान्याच्या कोठारात नेऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आईचा डाव. ती स्वतःला पुन्हा जिना चढवून दरवाजावर आणायची, वाटायचं तिला की गेमच आपोआप माणसं आत घेत असेल. मग मुलीचा डाव, त्यात आई दरवाजावरच. मग पुन्हा बाबा. मी पुष्कळ खेळणारे पाहिलेत हो, पण निशाणवालीला वेढाभर नुसतं जिन्यावरच फिरवणारं घर पाहिलं नव्हतं. ती ना धड लढत होती, ना धड लपत होती. धान्य उतरत चाललं होतं. दरवाजावरची हिंमत कधी चढायची, कधी पडायची. आणि मला माझे नियम माहीत. कोठार रिकामं झालं की शत्रूला काही करावं लागत नाही, दरवाजा आतूनच उघडतो.

अखेर बाबांच्या एका डावात मावशी पळाली. निशाण दिसेना, तिने धनुष्य टाकलं आणि मागच्या जंगलात नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी मुलीने फोनवर सांगितलं.

“पळाले? मी? मला न विचारता?”

“तुझी हिंमत संपली, मावशी.”

“माझी हिंमत एवढ्याने संपते होय? माझ्या सासरी सून म्हणून पंचवीस वर्षं राहून दाखवा म्हणावं त्या गेमला.” मग म्हणाली, “तुझ्या आईला कुठे ठेवलंय ते बघ आधी. ती दिसली नसणार मला.”

त्याच संध्याकाळी आई जिना चढून आली ती ओठ निळसर पडलेले घेऊन. गप्पांचं निमित्त काढायलाही दम उरला नव्हता. मुलीने पाणी दिलं, तिने ग्लास नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, “डाव माझा आहे ना? रिमोट दे.”

पडद्यावर कोठार दिसलं. आई खाली, अंधारात, पोत्यांच्या मधे उभी.

“मला इथे दरवेळी कोण आणून ठेवतं?”

मुलगी म्हणाली, “मी नाही.”

बाबा खुर्चीत चष्मा पुसत होते. “मी.”

“का हो?”

“तिथे बाण पोचत नाही.”

“धान्य बघितलंत किती उरलंय ते?”

बाबांनी पाहिलं. पडद्यावर पोत्याचं चित्र होतं, जवळजवळ रिकामं. 

आईने रिमोट मांडीवर ठेवला.  मग अगदी ‘डावीकडे घ्या’ म्हणायच्या आवाजात तिने विचारलं, “डॉक्टर खरंच परगावी गेले होते?”

“हो.”

“दोन्ही वेळा?”

“पहिल्यांदा गेले होते.”

“अहो.”

“नव्हते गेले,” बाबा म्हणाले. “पहिल्यांदाही नव्हते.”

मुलगी उठून उभी राहिली. आईने हातानेच तिला बसवलं.

“माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात, माहीत आहे ना तुम्हाला? शिकणारा बावचळला की मी माझा दाबते. पण दाबल्यावर सांगते, मी दाबला म्हणून. न सांगता दाबला तर त्याला वाटतं गाडीच बिघडलीय. मी इतके दिवस समजत होते की दवाखान्यालाच माझी घाई नाही. म्हणजे फार काही नसेल, किंवा फारच असेल.”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. म्हणाले, धोका आहे. मी सही करून आलो आणि मग... घरी तू समोर असतेस. चालतेस, बोलतेस. एकदा तिथे नेलं की माझ्या हातात काही राहत नाही.”

“मलाही सांगितलंय त्यांनी. तुमच्या आधी.”

“तू बोलली नाहीस.”

“तुम्ही घाबराल म्हणून.”

यावर मुलगी रडता रडता हसली. “काय माणसं आहात तुम्ही दोघं,” एवढंच म्हणाली.

दवाखान्यात फोन बाबांनीच लावला. त्यांचं बोलणं होईपर्यंत आई शेजारी बसून होती, मधे एक शब्द बोलली नाही. या वेळी ते पाहुण्यांबद्दल काही म्हणाले नाहीत. “जी सगळ्यात लवकरची असेल ती द्या,” म्हणाले, आणि तारीख ऐकून भिंतीला टेकले, कारण ती अगदीच जवळची होती.

दवाखान्यात जायच्या सकाळी बॅग दाराशी तयार होती. डाव आईचाच होता, त्या संध्याकाळपासून अडलेला. ती पायात चप्पल घालूनच सोफ्याच्या कडेला टेकली, स्वतःला कोठारातून काढलं, जिना चढवला आणि दरवाजावर नेऊन निशाण उभं केलं. मावशी जंगलाच्या कडेपर्यंत परत आलेली दिसली. अजून दोन माणसं हलवायची बाकी होती, तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

“उरलेलं आल्यावर,” आई म्हणाली.

“बंद करते, आई. तो सगळं जपून ठेवतो,” मुलगी म्हणाली.

“राहू दे चालू.”

तेव्हापासून मी फिरतोय. मशीन तापलंय, पंखा घुरघुरतोय. आज दुपारी कुलूप उघडलं आणि बाबा एकटेच आत आले. मी तर गोठलोच. मग ते फोनवर मुलीशी बोलले, त्यावरून कळलं. ऑपरेशन झालंय. झडप बसवलीय. पण आई अजून शुद्धीवर आलेली नाही, आज येईल की उद्या ते डॉक्टर सांगत नाहीत. बाबा तिचा चष्मा न्यायला आलेत. डोळे उघडल्यावर तिला समोरचं स्वच्छ दिसायला हवं, म्हणाले.

चष्मा मशीनवरच होता. त्यांनी तो उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. मग नजर पडद्यावर गेली. दरवाजावर ती उभी, खाली शिड्या घेऊन आलेला शत्रू. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. अंगठा जिन्याच्या दिशेला टेकला. एक बटण, आणि ती आत. अख्ख्या घरात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. माझी काय टाप?

किती वेळ उभे होते कोण जाणे. मग त्यांनी अंगठा उचलला, खाली वाकून वायर शोधली आणि कंट्रोलर चार्जिंगला लावला. पूर्ण भरायला हवा, परत आल्यावर तिला मधेच थांबावं लागू नये. टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला आणि कुलूप लावून गेले.

आता खोलीत मी आणि तो चार्जिंगचा तांबडा ठिपका. माझ्या किल्ल्यात काय होऊ शकतं ते मला सगळं ठाऊक आहे. त्या दवाखान्यातले नियम मला माहीत नाहीत, तिथे मी कोणी नाही. एवढं मात्र तुम्हाला छातीठोकपणे सांगतो, बाई. खालचा शत्रू जागच्या जागी उभा आहे. तुम्ही तुमची चाल केल्याशिवाय त्याला एक पाऊल टाकता येत नाही, तसंच मला घडवलंय. निशाण दिसतंय, मावशी दरवाजाकडे बघतेय. सावकाश या. पण या.