कोंडाजीच्या ओटीवरची सुपारी

राजनंदिनीचं लग्न ठरलं ते १९९९ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यातल्या एका दुपारी तिच्या बापाने, दत्तारामने, कोंडाजीच्या ओटीवर सुपारी ठेवली. लग्नाची पहिली सुपारी गावकीच्या पंचाला द्यायची, ही आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीची रीत.

कोंडाजीने सुपारीला हात लावला नाही.

सहा वर्षांपूर्वी याच ओटीवर बसून त्याने दत्तारामचं घर वाळीत टाकलं होतं. मुंबईला दवाखान्यात नोकरी करताना दत्ताराम ख्रिस्ती झाला आणि तसाच गावी परतला, ते गावकीला सोसलं नव्हतं. त्याच पावसाळ्यात त्याच्या बायकोला, सरोजला, भाताच्या खाचरात साप चावला. वाडीत जीप एकच, कोंडाजीची. ती मिळणार नाही हे धरून दत्ताराम गाडी आणायला पोलादपूरला धावला. परत आला तेव्हा सरोज गेली होती. पुढे बहिष्कार उठला, तरी रोजच्या प्रार्थनेत क्षमेचे शब्द आले की त्याचा आवाज अडायचा. यंदाच कुठे तो मोकळा झाला होता.

“काका, लग्नाला या,” दत्ताराम म्हणाला. “सरोजचं मी मनातनं काढलंय. प्रभूसमोर तुमाला माफ केलंय.”

“कशाची माफी?”

“जीप दिली नाय, त्याची.”



“दिली व्हती की रे! कळलं तवाच सदू डायवरला जीप घेऊन धाडला, मागल्या वाटेनं. कुनी बघितलं असतं तर पंचालाच वाळीत टाकला असता. म्हनून बोललो नाय कधी. तुझ्या आयशीनं परत धाडली.”

“खोटं हाय.”

“सदू जिता हाय. जा, इचार त्याला.”

दत्ताराम सदूकडे गेला नाही. घरी पोचला तेव्हा त्याचे तळपाय भाजले होते. वहाणा कोंडाजीकडेच राहिल्या होत्या.

त्याची आई, बनुबाई, पडवीत लग्नाचे तांदूळ पाखडत होती.

“आये, सरोजच्या वक्ताला जीप आली व्हती?”

सूप थांबलं.

“आली व्हती.”

राजनंदिनी चुलीपासून उठून दारात आली.

“म्या मुळी उगाळून पाजली व्हती,” बनुबाई म्हणाली. “म्हनलं, उतरंल. ज्यानं आपलं पानी तोडलं, त्याच्या गाडीत सून घालू? मग ती गेली. मग कसं सांगू?”

“आजी गो...” राजनंदिनी एवढंच म्हणाली.

“कोंडाजीला काय म्हनलास?” बनुबाईने विचारलं.

“माफ केलं म्हनलो.”

“मग मलापन म्हन की.”

  दत्तारामने तिच्या हातातलं सूप घेतलं आणि समोर बसून खडे वेचू लागला. खड्यांबरोबर तो तांदूळही बाहेर टाकत होता.

“तांदूळ टाकतोस रे.”

“टाकू दे.”

लग्न झालं. कोंडाजी येऊन जेवून गेला. दोन वर्षांनी बनुबाईची एक बाजू लुळी पडली. दत्ताराम तिला न्हाऊ घालायचा, तिची वेणी घालायचा, दोन्ही वेळा भरवायचा. जेवताना ती माफीच्या शब्दासाठी त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. तो घास पुढे करायचा.

बनुबाई २००३ च्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी वारली.